कच्चे समजून उसवलेले टाके

"हितं कुनी हाय का न्हाई गं?"

खुर्चीवर बसलेल्या आजींनी सुनेला हळूच विचारलं. हळूच, म्हणजे त्यांच्या मते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते, आणि गेली दहा मिनिटं उभीच होते. आजी सांगत होत्या आणि मी मान हलवत होते. होकाराला मान, नकाराला मान, "बरं बरं" म्हणायचं तिथेही मान. काचबिंदूने आजींचे दोन्ही डोळे गेलेत, हे सुनेने आल्या आल्या मला सांगितलं होतं. ते ऐकूनही मी मानच हलवली होती.

"हाय की आवं आत्ती. तुमच्या म्होरंच उभी हाय."

"मग बोलंना का?"

"लाजाळू हाय जरा."

"एवढं मशीन चालवती न्हवं? का मशीनबी लाजतंय?"

मी हसले. अर्थात, आवाज न करता.

मशीन लाजत नाही. ते सुरू झालं की सगळी शेड घुमते. सांगलीजवळ माधवनगरला माझ्या मामांची ही शेड आहे. पूर्वी तिच्यात यंत्रमाग होते. माग गेले, भिंतीवरचे तेलाचे डाग तेवढे राहिले, आणि आता मधोमध माझं लाँगआर्म मशीन आहे. बारा फुटांची लोखंडी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेली गोधडी, आणि रुळांवर मागेपुढे फिरणारं लांब मानेचं शिलाई मशीन. साध्या मशीनवर आपण कापड सरकवतो. इथे कापड जागेवर राहतं आणि मी दोन मुठी धरून मशीन फिरवते. लांबून पाहणाऱ्याला मी नांगर धरल्यासारखी दिसते, असं मामा म्हणतात. आमच्या साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये ते आणलं असतं, तर आईबाबांना जिन्यात झोपावं लागलं असतं.

हा धंदा मी निवडला तो माणसांशी बोलावं लागू नये म्हणून. पुण्या-मुंबईच्या हौशी बायका तुकडे जोडून गोधडीचा वरचा भाग तयार करतात आणि कुरिअरने पाठवतात. मी त्याला आत कापसाचा थर घालते, खाली अस्तर लावते, तिन्ही थर शिवून परत पाठवते. सूचना घ्यायला मी एक फॉर्म तयार केला होता, चौकोनांत खुणा करायचा. फॉर्मवर माझा फार जीव होता. इतका की त्यात शेवटी "इतर काही?" असाही चौकोन होता, पण त्यापुढे लिहायला जागा नव्हती.

मग आसपासच्या बायकांना मशीनचा पत्ता लागला आणि त्या वाकळा घेऊन यायला लागल्या. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून हाताने शिवलेली गोधडी. या बायकांना फॉर्म नको असायचा. त्यांना बोलायचं असायचं. मापं हातात सांगायच्या, आकडे मराठीत. आमच्या शाळेत मराठीच्या बाई मराठीसुद्धा निम्मी इंग्रजीत शिकवायच्या. त्यामुळे एकोणसाठ म्हणजे साठच्या अलीकडे की पलीकडे, हे मला अजून मनात मोजून घ्यावं लागतं. मोजून होईपर्यंत समोरची बाई पुढच्या वाक्यावर गेलेली असते. मग मी मान हलवते.

तर आजी. त्या माण तालुक्यातल्या. डोळे गेल्यावर सून त्यांना सांगलीला आपल्याकडे घेऊन आली. येताना आजींनी अर्धवट वाकळही आणली होती. नातू लष्करात आहे. त्याची बायको पुढच्या महिन्यात त्याच्यासोबत क्वार्टरला जाणार होती, वर कुठेतरी थंडीत. ही वाकळ तिच्यासाठी. निम्म्याहून थोडी जास्त शिवून झाली होती, मधला भाग राहिला होता.

"आता काय ह्या हातानं हुयाचं न्हाई," आजी म्हणाल्या होत्या. "ऱ्हायलेलं तेवढं मशीनवर मारून दे. माज्या हातची ही शेवटचीच."

मी मान हलवली होती. सुनेपुढे फॉर्म ठेवला. तिने घाईघाईत सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. त्यात एक चौकोन होता: कच्चे टाके काढायचे का?

हे कच्चे टाके जरा सांगायला हवेत, कारण माझी सगळी अब्रू त्यांच्यात गेली. थर सरकू नयेत म्हणून बायका आधी मोठमोठे, कसेबसे टाके घालून ठेवतात. ते तात्पुरते असतात. माझ्या चौकटीवर थर ताणून बसतात, तिथे त्यांची गरज नसते, म्हणून मी ते आधी उसवून टाकते.

आजींच्या वाकळीत एका अंगाला छान बारीक टाके होते. काठापासून आत ओळीमागून ओळ, मधूनच एखादी जरा लांब टाक्यांची, एखादी सैल. मग पलीकडच्या अंगाला ते मोठे व्हायला लागत, पुढे वाकडे, आणखी पुढे तर ओळी एकमेकींना छेदूनच जात होत्या. मी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि एखाद्या तज्ज्ञाच्या शांतपणाने ठरवलं: इथपर्यंत शिवण, इथून पुढे कच्चे टाके. वहीत लिहिलंही, "टाके एकसारखे नाहीत." जसा काही पेपरच तपासत होते.

सुनेला एक फोन केला असता तर कळलं असतं. मी केला नाही. फॉर्मवर खूण होती की.

टाके उसवणं हे मला मशीनपेक्षाही चांगलं जमतं. त्यात कुणी काही विचारत नाही. जेवायच्या आत मी अकरा ओळी उसवल्या, दोरा न तुटू देता. जाड पांढरा दोरा हातभर लांब निघत होता आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. दुपारी डबा उघडून फोन हातात घेतला, तर सुनेचा व्हॉइस मेसेज होता. दोन दिवसांपूर्वीचा. मी व्हॉइस मेसेज ऐकत नाही, साठवते. कुणाचा तरी आवाज आपल्या कानात येऊन उत्तर मागतो, हे मला झेपत नाही. पण कामाच्या आनंदात त्या दिवशी ऐकला.

"ताई, आत्तींच्या म्होरं बोलता आलं न्हाई. पलीकडच्या अंगाला टाकं वाकडंतिकडं दिसतील तुमाला. नजर जात हुती न्हवं, तवाचं हैत ते. चाचपून चाचपून घातल्यात. तेवढं जपा हं. बाकी मशीन कसंबी मारा."

मी तो तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा वेग कमी करून, काही वेगळा अर्थ निघतोय का म्हणून.

आईला साताऱ्याला फोन लावला. आई माहेरची रहिमतपूरची, तिने लहानपणी वाकळा शिवलेल्या पाहिल्यात. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना फोन कर आणि सांग."

"मेसेज टाकू?"

"फोन कर."

मी मेसेज लिहायला घेतला. लिहिला, खोडला, परत लिहिला. "एक छोटीशी अडचण" असं लिहिलं आणि मग मलाच लाज वाटली. तिकडे सुनेला बराच वेळ मी काहीतरी लिहितेय एवढंच दिसत असणार, कारण तिचाच मेसेज आला: "बोला ताई." मी अंगठा पाठवला.

त्यानंतर मी जे केलं त्याला साध्या मराठीत बनावट सही म्हणतात. कामाला हात लावण्याआधी मी वाकळीचा फोटो काढला होता. तो मोठा केला. जुन्या लुगड्यावर सुईची भोकं अजून पुसट दिसत होती, त्यांवर खडूने ठिपके दिले. उसवलेला दोरा मी केराच्या डब्यात टाकला नव्हता, पुठ्ठ्याला गुंडाळला होता; तोच सुईत ओवला. आणि आजींचे वाकडे टाके परत घालायला बसले.

वाकडं शिवणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. माझे टाके सरळच यायचे. मुद्दाम वाकडा घातला की तो मुद्दाम वाकडा दिसायचा. डोळे मिटून शिवून पाहिलं, तर तीन टाक्यांत दोनदा बोट टोचलं. एक संपूर्ण दुपार मी वाकळीसोबत माझी ओढणीही शिवत होते, ते उठताना समजलं. आठ दिवसांत अकरा ओळी झाल्या. मग उरलेल्या भागावर मशीनने साध्या सरळ ओळी मारल्या, आजींच्या बारीक टाक्यांना समांतर. त्याला एक सकाळ पुरली.

घडी घालून ठेवल्यावर मी लांबून पाहिलं. कुणालाही कळलं नसतं. सुनेला तर नाहीच. आणि कळलंच, तर फॉर्मवर तिची खूण होती. तो फॉर्म मी वरच्या खणात, हाताला लागेल असा काढून ठेवला होता. बोलणार नव्हते, पण तयारी होती.

दोघी वाकळ न्यायला आल्या. नातसून चार दिवसांनी निघणार होती. सुनेने वाकळ आजींच्या मांडीवर पसरली. "लय झ्याक झालीया आत्ती," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली. मी मान हलवली.

आजींनी काठ शोधला आणि बोट ओळीवरून फिरवायला सुरुवात केली. मला वाटलं, कापड चाचपताहेत.

"ही माजी," त्या म्हणाल्या. बोट पुढे गेलं. "ही धाकली जाऊ. टाका बघ कसा लांब. घरला जायची घाई हिला कायम." पुढे. "ही माजी लेक. दिवाळीला आल्ती तवा बसली हुती. बोलत बसती आनि दोरा सैल सोडती."

माझ्या वहीतलं "टाके एकसारखे नाहीत" मला आठवलं. त्यांच्या गावात वाकळ अंथरलेली दिसली की येणारी-जाणारी बाई बसून चार ओळी घालून जाते, हे मला आत्ता कुठे समजत होतं. जे मी दोष म्हणून लिहिलं होतं, ती हजेरी होती.

बोट मशीनच्या ओळींवर आलं. "ही मशीन. येकसारखं हाय. बरं हाय." मग बोट पलीकडच्या अंगाला वळलं आणि थांबलं. मागे गेलं, परत पुढे आलं.

"ही कोन?"

"तुमीच की आवं," सून म्हणाली. "डोळं जाताना घातल्यालं हैत ते."

"म्या न्हवं."

"आसं काय करता आत्ती. तुमचंच हाय. माझ्या म्होरं घातल्यात."

"आगं, माजा टाका वाकडा आसंल, पर भ्यालेला न्हाई. ही बघ की. दर टाक्याला थांबलीया. सुई टोचायची आनि कुनी बघतंय का बघायचं. लय भित्री हाय ही. कोन बसली हुती हितं?"

सून माझ्याकडे पाहून ओशाळल्यासारखी हसली. आवाज खाली आणून म्हणाली, "वय झालंय ताई. हल्ली होतंय आसं. मनावर घिऊ नका."

आजींचे डोळे गेले होते, कान नाही. त्यांनी बोट उचललं. मग हात मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "आसंल बाई. म्याच आसंन. डोळं गेलं, आता बोटंबी गेली म्हनायची."

सून घडी घालायला लागली. वरच्या खणात फॉर्म होता. गप्प राहिले असते तर दोन मिनिटांत दोघी रिक्षात बसल्या असत्या, आणि त्या घरात इथून पुढे आजींच्या बोटांवर कुणी विश्वास ठेवला नसता. त्यांनी स्वतःही नाही.

मी जोरात नकारार्थी मान हलवली. दोनदा. मग आठवलं, समोर कोण बसलंय ते.

"नाही आजी," मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की सुनेच्या हातातलं टोक सुटलं. "बोटं बरोबर आहेत तुमची. ती भित्री मीच. तुमचे टाके मी कच्चे समजून उसवले, अकरा ओळी, आणि तुम्हाला विचारलं नाही."