धोंडुबाईचा मैदानावरचा पहारा

धोंडुबाईचा कुणावर चटकन विश्वास बसला, असं आटपाडीत कुणी शपथेवर सांगणार नाही. बाजारात मेथीची जुडीसुद्धा ती सोडून बघायची. त्यात लेक उत्कर्षा धावपटू. जिल्हा संघाची निवड पंधरा दिवसांवर आली होती, आणि सांगलीच्या मैदानावर तिला शिकवणाऱ्या गुणमाला मॅडम तिला पळूच देत नव्हत्या! दोनदा मुरगळलेल्या घोट्याला आधी तोल हवा, पोटा-कंबरेला बळ हवं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रोज कोपरांवर अंग तोलून पालथं राहायचं, नाहीतर डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं.

मॅडमची भाची ब्राह्मी मात्र त्याच मैदानावर सुसाट पळत होती. धोंडुबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाचीला पुढं काढायला आपली पोर अडवून ठेवलीय! मेंढरं नवऱ्याच्या, नानासोंच्या गळ्यात मारून तिनं सांगलीत भावाकडे मुक्काम ठोकला आणि मैदानाच्या कठड्यावर पहारा सुरू केला.

चौथ्या दिवशी तिच्यानं राहवेना.

"बाई, सरळ सांगा, माझी पोर का बसवलीया? घोटा बरा हाय म्हणती ती."

मॅडम चिडल्या नाहीत. "बरा असेल तर त्या पायावर ती टिकायला हवी, मावशी. तुम्हीच उभ्या राहून बघा."

धोंडुबाईनं पदर खोचला, डोळे मिटले, एक पाय उचलला. माळावर तासन्‌तास मेंढरांमागं एका पायावर उभी राहिलेली बाई ती, जागची हलली नाही. "ह्यात काय अवघड हाय?" म्हणत ती लेकीकडे वळली.

उत्कर्षा डाव्या पायावर छान उभी राहिली. उजव्यावर मात्र लगेच कलंडली आणि तिचं तोंड कसनुसं झालं. दोनशे मेंढरांतलं लंगडं लांबून ओळखणारी बाई, आणि पोटच्या पोरीचं तिला आज कळलं! तिला स्वतःचाच राग आला.

"दुखतंय नव्हं? मग बरं हाय म्हणून का सांगितलंस?"

उत्कर्षाला रडू फुटलं. "तुला कसं सांगू, आये? औंदा निवड न्हाई झाली तर दिवाळीत लगीन उरकायचं, आसं तूच बाबांस्नी म्हणालीस. दारामागनं ऐकलं म्या."

धोंडुबाईनं पदरानं लेकीचे डोळे पुसले. मैदानावरच्या एकूण एक माणसावर तिनं डोळा ठेवला होता, आणि पोर भीत होती ती तिलाच.

तिनं फोन काढून नानासोंना लावला.

"आवं, रविवारी पोरगी बघाया येणाऱ्या पावण्यांस्नी येऊ नका म्हणून सांगा," ती म्हणाली. "औंदा न्हाई, आन् फुडल्या सालीबी न्हाई. माझ्याच तोंडानं बोललेवते, आता मीच मोडती."