थोरल्या साडूंचं नाक

"उठायचं न्हाय, पावणं! अजून सात मिनिटं हायत! पाठ टेका की फळीला, लाजताय काय नव्या नवरीगत?"

दाराच्या काचेपलीकडून माझे थोरले साडू ओरडत होते आणि आत, तापलेल्या लाकडी खोलीत, पंचा गुंडाळून मी शिजत होतो. अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात लाकूड नाकानं वाचणारा एकच सुतार आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा निघावा, हे माझं प्रारब्ध. त्यांच्या नाकाची कीर्ती अशी की, पेठ वडगावच्या त्यांच्या कारखान्यासमोर लाकडाचा ट्रक थांबला तर ड्रायव्हर उतरायच्या आत ते घरातनं ओरडतात, "खालच्या थरात ओलं भरलंय, माघारी ने!" एकदा माझ्या दिवाणखान्यातल्या सागवानी कपाटापाशी नुसतं शिंकून त्यांनी ते आंब्याचं असल्याचं जाहीर केलं. कपाट माझ्या सासऱ्यांनी दिलं होतं. सासरे समोरच बसले होते.

ह्या माणसाला सौनाचा नाद लागला तो कारखानदारांमुळं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतले लोक मशीन बघायला परदेशी जातात, तिथं कुणीतरी त्यांना लाकडी खोलीत बसवून घाम काढतं, आणि माघारी आले की फार्महाऊसवर तसलीच खोली पाहिजे म्हणून हटून बसतात. मे महिन्यात जिथं गच्चीवरचा पापड पलटी करायच्या आत वाळतो, तिथं घाम काढायला वेगळी खोली कशाला, असं मी साडूंना एकदाच विचारलं. उत्तर सव्वा तास चाललं. ही खोली सीडरच्या लाकडाची, आणि सीडर म्हणजे आपल्या देवदाराचा नावापुरता परदेशी भाऊबंद. वजनाला हलका, म्हणून कितीही तापवा, बसणाऱ्याला चटका देत नाही. चिकट डिंक गाळत नाही. वाफेत कुजत नाही. आणि वास असा, की माणूस आपोआप खरं बोलायला लागतो. हे शेवटचं त्यांचं स्वतःचं संशोधन.

नव्या खोलीत पहिला मान माझा. "तुमचं अंग मध्यम हाय," ते म्हणतात. "जाड न्हाय, बारीक न्हाय, तक्रारखोर मातर हाय. तुमाला पोळलं न्हाय म्हंजे कुणालाच पोळत न्हाय." ह्या मध्यम अंगापायी मी आजवर इतक्या खोल्यांत उकडलोय की हळद-मीठ लावून बसलो असतो तर पंगत उठली असती. एकदा बाकाच्या एका स्क्रूचं डोकं केसभर वर राहिलं आणि मला नको तिथं गोल डाग पडला. साडूंनी चष्मा लावून तो डाग तपासला, सगळ्या बाकांचे स्क्रू काढले आणि खालच्या बाजूनं मारले. तेव्हापासून त्यांच्या बाकाला वरून लोखंड म्हणून दिसत नाही. दार बाहेर उघडणारं, नुसत्या धक्क्यानं, कडी नाहीच. भट्टीभोवती कठडा. दारू पिऊन आत जायचं नाही, बी.पी.वाल्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय जायचं नाही, आणि बायकोशी भांडून तर मुळीच नाही. एक मालक म्हणाले, "मिस्त्री, जरा चकाचक वार्निश मारा की." साडू गरजले, "मारतो! आत बसून त्येचा धूर तुमी पिणार का तुमचं व्याही?"

एवढी दुसऱ्याची काळजी घेणारा माणूस स्वतः मात्र दोन वर्षं खोकत होता. रंधा मारला की छाती घरघरायची, जिना चढताना मधेच भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला थांबायचे. मी त्यांना धरून डॉक्टरकडं नेलं. ह्या लाकडाची धूळ छातीला बाधते, नाकालाही, असं निघालं. साडू तिथंही ओरडले, "अवो डॉक्टर, ह्या लाकडात माणसं हौसंनं उघडी बसत्यात!"

"बसा की तुम्हीही," डॉक्टर म्हणाले. "कापू नका. कापायचंच असेल तर मास्क लावा, धूळ ओढायचं मशीन बसवा."

मशीन आलं. मास्क मात्र खुंटीला. "नाक बांधून लाकूड पारखायचं म्हंजे हातमोजं घालून भात कालवायचा!" ह्या एका वाक्यावर माझी मेहुणी रडून दमली, मी सांगून दमलो, आणि ते काही दमले नाहीत, म्हणजे दमाच होता, पण कबूल नव्हता.

तर त्या दिवशी शाहूवाडीकडच्या डोंगरात, एका कारखानदाराच्या फार्महाऊसवर, मी ती उरलेली सात मिनिटं भरून बाहेर आलो. मला बसवायच्या आधी साडू स्वतः भट्टी पेटवून अर्धा तास आत सगळं तपासून आले होते.

"कसा हाय वास? निव्वळ देवघर का न्हाय?"

"भज्यांचा आहे," मी म्हणालो. "कढईत बसल्यासारखं वाटलं."

ते हसले. तेवढ्यात मालकांची म्हातारी आई ताकाचे पेले घेऊन आली आणि कौतुकानं म्हणाली, "काल मीच गोडेतेल पाजलं त्या फळ्यास्नी. नवं पाट, नवं लाटणं, आमी कोरडं ठेवत न्हाय, बाबा."

आता आभाळ फाटणार म्हणून मी पेला खाली ठेवला. साडू वळले. आत गेले, वाकले, बाकाला नाक लावलं. पुन्हा लावलं. मग दुसऱ्या फळीला. बाहेर आले तेव्हा आवाज इतका खाली होता की मला वाकावं लागलं.

"लई येतोय?"

"फाटकापर्यंत."

म्हातारीला ते एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. "तेल तापलं की धुरावतं, आई. फळ्या बदलतो," एवढंच म्हणाले आणि खालून एकेक स्क्रू काढायला बसले.

परतताना गाडीत चिडीचूप. वीस वर्षं हा माणूस क्षणभर गप्प बसावा म्हणून मी नवस बोलत होतो, आणि आता ती शांतता मला मलकापूरपर्यंतही सोसवेना. शेवटी, कानठळ्या बसणार हे धरूनच, मी म्हणालो, "उद्यापासून मास्क लावा."

ते खिडकीबाहेर बघत होते.

"लावतो," म्हणाले.