तिसरा रकाना अरुंद

आखातातल्या रुवैसला आमच्या खालच्या मजल्यावर एक नॉर्वेजियन इंजिनिअर राहायचे. आजोबांकडून कानाने शिकलेली एक नाचाची धून ते व्हायोलिनवर वाजवत. ती कुठेच लिहिलेली नव्हती, आणि महिन्याभरात ते कायमचे परत जाणार होते. मी लहानपणी व्हायोलिन शिकलेली, शिवाय यादी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हटलं, "मी लिहून घेते."

धून तीन ठोक्यांची. वहीत तीन सारखे रकाने आखले, सा-रे-ग भरले आणि वाजवून दाखवलं.

"सूर बरोबर आहेत," ते म्हणाले, "पण यावर आमच्या गावात कुणी नाचणार नाही."

मग बूट काढून त्यांनी लादीवर पायाने ठेका धरला. पहिला ठोका लांब, तिसरा आखूड, दर वेळी तसाच. मी पट्टी घेतली, पहिला रकाना रुंद केला, तिसरा अरुंद, आणि सगळी पानं पुन्हा लिहिली.

निघायच्या आदल्या दिवशी मी वाजवत असताना त्यांचा पाय आपोआप हलायला लागला.

"खलास," ते तिथल्या अरबीत म्हणाले, म्हणजे झालं काम. "आता मी विसरलो तर तुला फोन करीन."

त्यांनी आभार मानले, पण खरं तर ते मी मानायचे होते; लहानपणचं व्हायोलिन पुन्हा हातात आलं ते त्यांच्यामुळे. शनिवारी वाजवायच्या माझ्या यादीत ती धून अजून पहिली असते.