चौघी, मुंबई आणि माझं तापलेलं डोकं

सहल सुखाची झाली की सांगण्यासारखं काही उरत नाही. "छान झाली," म्हणायचं, चार फोटो दाखवायचे, संपलं! पण डोकं फिरलं असलं की कोण कुठल्या खुर्चीत बसून काय बोललं, तेसुद्धा विसरत नाही. आमच्या मुंबईच्या दोन दिवसांचं तसंच झालंय. स्टाफरूममध्ये डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, मुंबईचं सांगा की!" मी सांगते. सगळे पोट धरून हसतात. मी मात्र दर वेळी नव्यानं चिडते.

आम्ही चौघी कोल्हापुरातल्या एका शाळेत शिकवतो. मी गणित, वैशाली इतिहास-भूगोल, आणि आमच्यात सगळ्यात लहान गौरी, चंदगडकडची, ती चित्रकला. चौथ्या मुल्लाणी बाई. मराठी शिकवायच्या आणि तीस वर्षं गॅदरिंगचं नाटकही त्याच बसवायच्या. मे महिन्यात रिटायर होणार होत्या. निरोपाला काय देऊ म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "दौऱ्यावर आलेली नाटकं मी ढिगानं बघितली. एकदा नाटकाच्या घरी जाऊन नाटक बघायचंय."

झालं! दोन दिवस मुंबई. नाटक, थोडं फिरणं, एक झकास जेवण. आणि गणित माझं, म्हणून प्लॅनिंगही माझंच. हा कुठला न्याय?

*

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, "मुंबई चौघी". वैशालीनं चुकून पीटीच्या पोवार सरांना ॲड केलं. पोवार सरांनी लिंक ऑफिसात पाठवली. संध्याकाळपर्यंत चौघींच्या ग्रुपमध्ये आम्ही अकरा जणं!

एक म्हणतो, नाटक कशाला, क्रिकेटचं ग्राउंड बघा. एक म्हणतो, माझ्या मेव्हण्याची सतरा सीटर हाय, सांगू का? मी सकाळी ग्रुप उघडला तर सहा गुलाबाची फुलं, दोन सूर्योदय, आणि पोवार सरांचा मेसेज : "मुंबईत लई गर्दी. त्यापेक्षा पन्हाळा करूया. हवा चांगली. झुणका-भाकरी खाऊ, चारला घरात!"

खाली सात अंगठे.

माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली. मी लिहिलं, "सर, पन्हाळा मला माझ्या गच्चीवरनं दिसतोय!"

पोवार सरांचं लगेच उत्तर, "मग तर जायचीबी गरज न्हाई!"

*

मग रजा. फक्त एका शुक्रवारची. हेडसरांनी चारही अर्ज पत्त्यांसारखे टेबलावर मांडले आणि चष्मा काढला.

"चौघी एकदम? शाळा कोण चालवणार?"

मी म्हणाले, "सर, गेल्या वर्षी तुम्ही चौघं गोव्याला गेलता. तेसुद्धा चार दिवस."

"तो अभ्यास दौरा होता."

"कशाचा?"

सर पंख्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सागरी परिसराचा."

गौरी एकदम भोळा चेहरा करून म्हणाली, "सर, त्याचा अहवाल वाचायला मिळेल का?"

अर्जांवर पटापट सह्या झाल्या! पण पुरुषाचा हट्ट, शेवटचा शब्द आपला पाहिजे. चौथी सही करता करता म्हणाले, "नाटक बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? इथं स्टाफरूममध्ये रोज चाललेलंच असतंय."

"व्हय सर," मी म्हणाले, "म्हणूनच एखादं चांगलं बघून येतो म्हटलं."

*

वैशालीचं घर गावात. घरी तीन म्हशी, सासूबाई आणि नवरा. नवरा स्वतः खताचं दुकान चालवतो, सोसायटीच्या निवडणुका लढवतो, गावची भांडणं मिटवतो. पण वैशालीनं "दोन दिवस मुंबईला जाते" म्हटल्यावर हा गृहस्थ हतबल! मग समजूत काढायला मी गेले.

"मॅडम, माझं काय बी म्हणणं न्हाई," तो म्हणाला. "पण जेवायचं कसं? म्हसरांचं कसं?"

वैशालीनं आदल्या दिवशीच दोन दिवसांची यादी करून फ्रीजला चिकटवलेली. कुठल्या डब्यात पीठ, कुठल्या पातेल्यात आमटी, किती वाजता काय. मला तर त्या यादीचाच राग आला. दहावीच्या पोरींना नकाशा शिकवणारी बाई, घरी नवऱ्याला स्वयंपाकघराचा नकाशा काढून देती! त्यानं ती यादी बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाला, "ह्यात चहा न्हाय की!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत भाजी निवडत बसलेल्या सासूबाई बाहेर आल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात.

"वैशाले, जा गं तू," त्या म्हणाल्या. "मला कोण जा म्हणलं न्हाई, म्हणून मी कुठं गेलो न्हाई. तू जा. म्हसरांचं मी बघतो."

मग लेकाकडं हात करून म्हणाल्या, "ह्याचं तेवढं कुणाला तरी सांगून जा!"

*

आता हा किस्सा हसायचा नाही. पण तो वगळला तर बाकीचे सांगायला मला तोंड नाही.

नाट्यगृहापासून चालत जाता येईल असं एक लॉज मी शोधलं. फोनवरचा माणूस अगदी गोड. "शिक्षिका का? वा वा! अशी फॅमिली मंडळीच आम्हाला पाहिजे असतात. दोन रूम ठेवतो. तेवढे आधार कार्डाचे फोटो पाठवा."

चारही फोटो पाठवले. दहा मिनिटांत फोन आला. "सॉरी मॅडम, रूम फुल्ल झाल्या."

"अहो, आत्ता तर होत्या!"

"एक ग्रुप आला अचानक."

मी गणिताची बाई. दहा मिनिटांत सगळं लॉज भरलं, हे उदाहरण मला सुटेना. गौरीच्या फोनवरून पुन्हा लावला. "दोन रूम मिळतील का?"

"मिळतील की, या ना!"

"आमच्याबरोबर शमीम मुल्लाणी म्हणून बाई आहेत. चालतील?"

पलीकडं वही मिटल्याचा आवाज. मग, "मॅनेजरला विचारून सांगतो."

मॅनेजर त्याला अजून सापडलेला नाही!

पण बाईंना काय सांगायचं? तीस वर्षं पोरींची मराठी घडवलेली बाई, तिला काय सांगायचं? मी खोटं बोलले. "बाई, ते लॉज रद्द. तिथं पाणी नसतं म्हणे."

बाई स्टाफरूममध्ये वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाणी कधी गेलं? माझं आधार कार्ड पोचल्यावर?"

वैशाली उठून खिडकीपाशी गेली. मी फोन काढला आणि त्या लॉजच्या पानावर रिव्ह्यू लिहायला घेतला. जे जे सुचलं ते सगळं लिहिलं. बाईंनी हात पुढं केला, "बघू." त्यांनी शांतपणे सगळं वाचलं, लाल पेन चुकून स्क्रीनवर टेकवलं, मग बाजूला ठेवलं.

"'निर्लज्ज'मध्ये दोन ज. रागात शुद्धलेखन बिघडलं की समोरच्याला हसायला जागा मिळते. दुरुस्त कर. मग पाठव."

पाठवला!

राहायची सोय नंतर बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं केली. बँकेत नोकरीला आहे ती तिकडं. "बाई, माझं घर असताना लॉज शोधत होता?" म्हणून ती फोनवर बाईंवरच चिडली. एकूण काय, त्या आठवड्यात ज्याला त्याला चिडायला काहीतरी मिळालं.

*

मुंबईला पोचलो. सकाळी समुद्रावर गेलो. उन्हं कोवळी, बोटी हलतायत, गौरीनं वही काढून चित्र सुरू केलेलं, मुल्लाणी बाई नुसत्या उभ्या राहून वारा घेतायत. एवढ्यात वैशालीचा फोन वाजला. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल.

"अगं, साखर कुठं हाय?"

"खालच्या फळीवर, स्टीलचा डबा."

"न्हाई. तिथं रवा हाय."

"त्याच्या मागं बघा की."

"मागं पोहे." मग त्याचं लक्ष गेलं. "तुझ्या मागं काय हाय ते?"

"समुद्र."

"बरं. मग साखर?"

समोर अख्खा समुद्र, आणि आमची वैशाली हाताच्या खुणांनी हवेत फडताळ काढून दाखवतेय! लोक बघायला लागले. तिसऱ्यांदा "डावीकडं, डावीकडं" झाल्यावर माझा तोल गेला. मी तिच्या हातातनं फोन ओढून घेतला.

"दादा, तुमच्या दाराच्या पलीकडं ऊस. ऊस संपला की साखर कारखाना. एवढ्या सगळ्या साखरेत राहून तुम्हाला एका कपापुरती साखर सापडंना?"

पलीकडं डब्यांचा खडखडाट. मग दादा म्हणाले, "मॅडम, सापडली. पण गॅस पेटंना झालाय."

*

दुपारचं जेवण एका मोठ्या हॉटेलात ठरवलेलं. बाईंसाठी, म्हणून जरा भारी. टेबलावर मेनू नाही, एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र. फोन धरायचा, मग मेनू दिसणार. त्यात ठळक अक्षरांत : 'अस्सल कोल्हापुरी पांढरा रस्सा'.

मी म्हटलं, नको, मुंबईत येऊन तेच कशाला? पण वैशालीला अभिमान आला. "मागवूया. बघूया तरी!"

आला. बशीत नक्षी, वाटीत रस्सा, आणि रस्स्यावर किसलेलं चीज! शिवाय लाल मिरचीचे तुकडे. एक चमचा घेतला आणि गौरीच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

वैशाली, जी नवऱ्यापुढं आवाज चढवत नाही, ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "मालकांना बोलवा!"

मॅनेजर आला. "मॅडम, आमचे शेफ स्पेशल आहेत कोल्हापुरीमध्ये."

"त्यांनाच बोलवा मग."

शेफ बाहेर आले. पन्नाशीचे, पांढऱ्या मिशांचे, उत्तरेकडच्या डोंगरातले कुठले तरी, घामानं डबडबलेले. वैशालीनं विचारलं, "आप कोल्हापुर में किधर रहते थे?"

ते बिचारे खरं बोलले. "मॅडम, कोल्हापुर देखा नहीं. मोबाइल पे सीखा."

वैशालीचा राग तिथंच उतरला. खोटं बोलले असते तर त्यांची धडगत नव्हती. तिनं वेटरकडनं कागद घेतला आणि भूगोलाच्या नोट्स काढाव्यात तशी सगळी कृती लिहून दिली. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू, आलं-लसूण. हिंदीतनं समजावून सांगितली. शेफनी दोनदा ऐकलं, कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि काळजीनं म्हणाले,

"मॅडम, इसमें कोल्हापुरी क्या है? मिर्ची तो है ही नहीं!"

*

आणि नाटक. दुपारी चारचा प्रयोग. बाई मोतिया रंगाची साडी नेसलेल्या. आत शिरल्यावर त्या खुर्चीकडं आल्याच नाहीत, आधी पडद्याकडं बघत मधल्या वाटेवर उभ्या राहिल्या. आमच्या जागा सातव्या रांगेत.

नाटक गंभीर होतं. वडील अर्धांगवायूनं चाकाच्या खुर्चीला खिळलेले, मुलगी परदेशी जायला निघालेली. वडिलांचं काम करणारा नट मोठा नावाजलेला. पहिल्या अंकात तो नुसत्या डोळ्यांनी बोलत होता. बाई पुढं सरकून बसल्या होत्या, पदर मुठीत धरून.

आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ. चांगला इस्त्रीचा शर्ट, मनगटावर जाड घड्याळ. पहिल्या प्रवेशात त्यांचा फोन वाजला. त्यांनी कापला. दुसऱ्यांदा वाजला. लोकांनी "श्शूऽऽ" केलं. दुसऱ्या अंकात मुलगी बॅग भरून वडिलांच्या पायाशी येऊन बसली. सगळं नाट्यगृह गप्प. आणि तिसऱ्यांदा वाजला! ह्या वेळी त्यांनी उचलला.

"हां, बोल! नाही नाही, नाटकात आहे. बोल की तू!"

शेजारच्यानं खांद्याला हात लावला. तो झटकून हे म्हणतात, "तिकीट काढून आलोय आम्ही!" आणि पुन्हा फोनवर, "हां, मग किती टाइल्स लागतील म्हणतोय?"

स्टेजवरची मुलगी अडखळली. तिचं वाक्य हरवलं. माझं रक्त डोक्यात चढलं. ग्रुप, रजा, साखर, ते लॉज, सगळंच्या सगळं एकदम वर आलं आणि त्या माणसाची कॉलर धरायला मी अर्धी उठले.

बाईंनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. त्या ओरडल्या नाहीत. वर्गातल्या नेहमीच्या आवाजात, प्रत्येक अक्षर सुटं करून एवढंच म्हणाल्या,

"कोण बोलतंय ते? उभा राहा."

तो गृहस्थ उभा राहिला. फोन कानाला तसाच. त्याच्या डावीउजवीकडचे दोघं काही संबंध नसताना उभे राहिले. दाराशी स्टुलावर बसलेला तिकीट तपासणारा उभा राहिला.

आणि स्टेजवर, चाकाच्या खुर्चीतनं, वडीलही उभे राहिले!