सरांचा मार्क्सवाद आणि आमची पडकई

कचेरीत आमचे अर्ज साचतात, तसे संघटनेत किस्से साचतात. फरक इतकाच, की किस्स्यांना दाद मिळते!

तळेघरच्या वरच्या वाडीतल्या बायांना रोजगार हमीचं काम हवं होतं. भात काढून झालं की वाडीत काम नाही. लेकरं काखेत मारून खाली बागायतीत मजुरीला उतरायचं. ते थांबवायचं, म्हणून लढा. पुढारी हिरामावशी, अर्ज लिहिणारा मी आणि विचार पुरवायला सर. सर मूळचे लोणीचे, पुण्यात प्राध्यापक. मार्क्सवाद तोंडपाठ. माणूस सोन्यासारखा, पण वाक्य सुरू झालं की शेवटचा स्टॉप दिसायचा नाही!

*

पहिला अभ्यासवर्ग. सरांनी विचारलं, "आपला वर्गशत्रू कोण?"

मावशी म्हणाली, "सध्या तर रानडुक्कर! उभं भात लोळवलं बगा."

सरांनी वहीत उतरवून घेतलं. खोटं वाटत असेल तर वही बघा.

*

एकदा सर 'सामूहिक श्रमाचा ऱ्हास' यावर बोलायला आले. तळेघरला उतरून दीड तास चालले, तर वर्ग भरायचा त्या देवळात चिटपाखरू नाही! त्या दिवशी पडकई होती. म्हणजे एकाच्या खाचराचा बांध अख्ख्या वाडीनं मिळून घालायचा, मग पाळीपाळीनं दुसऱ्याचा.

सरांचा फोन आला, "अहो, माणसं कुठायत?"

मी म्हणालो, "ऱ्हासाला गेलीत, सर! तुमीबी या."

*

मोर्च्यासाठी सरांनी घोषणा लिहिली. स्टँडवर तिचं पहिलं टोक धरलं. मोर्चा कचेरीत पोचला, निवेदन दिलं, वडापाव खाऊन झाला, तेव्हा कुठं 'झिंदाबाद' आलं!

*

पण खरी गंमत पुढंच. अर्जाची पोच दिली की पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, म्हणून कचेरीतले साहेब पोचच देईनात.

सर म्हणाले, "ज्यांना कामच नाही, त्यांचा संप सैद्धांतिकदृष्ट्या अशक्य आहे."

"मंग उलटा संप करू," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चाळीस बाया कुदळी-घमेली घेऊन कचेरीच्या आवारात! कुणाला न विचारता बांध घालायला सुरुवात. दुपारपर्यंत साहेबांची जीप बांधाच्या आत.

साहेब धावत आले. "सर, तुम्ही शिकलेले! समजवा ना यांना!"

सरांच्या डोक्यावर मातीचं घमेलं होतं. "मावशींशी बोला," सर म्हणाले, "माझ्यामागं रांग खोळंबलीय."

आयुष्यातलं त्यांचं सगळ्यात छोटं भाषण!

मावशी म्हणाली, "साहेब, दुसरीकडं काम द्या, लगेच हलतो."

साहेबांनी तिथंच, जीपच्या बॉनेटवर शिक्के मारले. चाळीस अर्ज, चाळीस पोची! बाया कुदळी खांद्यावर टाकून निघाल्या.

साहेब ओरडले, "अहो, जीप कशी काढू? हा बांध कोण पाडणार?"

मावशी वळली. "पाडू की, साहेब. मागणीचा अर्ज करा, पोच आमी लगेच देतो!"