धुळ्याच्या संगणकातली एक ओळ

जळगावच्या दैनिकात मी उपसंपादक होतो. संगणकातलं थोडंफार कळत असल्यामुळे कार्यालयाचं नेटवर्कही माझ्याकडेच आलं. सगळे फोटो एका स्टोरेजवर ठेवले जात. त्याचं नाव आम्ही ‘भांडार’ ठेवलं होतं. माणसं नावाने मागतात, यंत्राला मात्र आयपी अ‍ॅड्रेस लागतो. कोणत्या नावाचा कोणता अ‍ॅड्रेस, हे जळगावचा सर्व्हर सांगत असे.

आमच्या धुळ्याच्या कार्यालयातून ही विचारणा अनेकदा अडकायची. म्हणून तिथल्या संगणकाच्या होस्ट फाइलमध्ये मी भांडाराचा अ‍ॅड्रेस हाताने लिहून ठेवला. त्या फाइलीत नाव सापडलं की संगणक सर्व्हरला विचारतच नाही. काम चाललं आणि ती ओळ मी विसरलो.

त्या संगणकावर धुळ्याचे जुने छायाचित्रकार बसत. त्यांना सगळे नाना म्हणत. रोजचे बातमीचे फोटो ते मेलने पाठवत. दुपारी सवड मिळाली की जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून भांडारात टाकत. बऱ्याच निगेटिव्हना बुरशी लागली होती, काही एकमेकींना चिकटल्या होत्या. ठेवायच्या कुठे, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, “भांडारात गेलं की सुरक्षित. मग टाकून द्या.”

नवं स्टोरेज आलं. नाव तेच ठेवलं, अ‍ॅड्रेस बदलला. जुने फोटो नव्यावर उतरवून घेतले आणि सर्व्हरवर नवी नोंद केली. जळगावचे सगळे संगणक नव्या स्टोरेजवर गेले. धुळ्याला मी फोन केला.

“नाना, भांडार उघडतंय ना?”

“बठ्ठं दिसस. काळजी कसाले करस, भाऊ?”

सगळं दिसणारच होतं. जुनं स्टोरेज खबरदारी म्हणून मी चालूच ठेवलं होतं आणि नानांचा संगणक त्या जुन्या ओळीमुळे तिकडेच जात होता. उघडतंय का, एवढंच मी विचारलं. कुठलं उघडतंय, हे बघायला अ‍ॅड्रेस दाखवणारी पिंगची एक आज्ञा पुरली असती. बातमीची खातरजमा दोन ठिकाणांहून करायची, हे मी नव्या वार्ताहरांना शिकवत असे.

महिनाभराने जुनं स्टोरेज पुसून रावेरच्या कार्यालयाला दिलं. पुसण्याआधी फायलींच्या तारखा पाहिल्या नाहीत. तिथे ते लगेच वापरात आलं.

आठवड्याने नानांचा फोन आला, भांडार उघडत नाही. मी एसटीने धुळ्याला गेलो आणि ती ओळ काढली. भांडार उघडलं, पण नानांनी त्या महिन्यात टाकलेलं काहीच त्यात नव्हतं. रावेरच्या डिस्कवर नवं लिहिलं गेलं होतं, तिथूनही हाती काही लागलं नाही.

त्या महिन्यात नानांनी दोंडाईच्याजवळच्या एका गावातल्या बुद्धविहाराच्या बांधकामाचे फोटो स्कॅन केले होते. घराघरांतून विटा आल्या, बायांनी पाणी वाहिलं, त्याचे फोटो दुसऱ्या कुणी काढले नव्हते. विहाराच्या वर्धापनदिनाला ते भिंतीवर लावायचे होते. नानांनी तसा शब्द दिला होता.

“निगेटिव्ह?” मी विचारलं.

“फेकी दिन्ह्यात. तूच सांगेल व्हतं ना.”

आवाजात राग नव्हता. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, चष्मा पुसला.

“आते गावले सांगनं पडी. तू चाल मन्हासंगे. हाई आयपी-बियपी मले सांगता येवाव नही.”

मी म्हणालो, “नाना, पुरवणीचं काम आहे. पुढच्या आठवड्यात जाऊ.”

“पुढला आठवडाले कार्यक्रम व्हई जाई, भाऊ.”

पुरवणीचं काम होतं, हे खरं. ते दुसऱ्या कुणाला देता आलं असतं, हेही खरं.

नाना एकटेच गेले. दोन दिवसांनी मी फोन केला आणि गावाला काय सांगितलं, ते विचारलं.

“सांगी दिन्हं, मन्ही चूक शे. निगेटिव्ह मीच फेक्यात.”

“मग ते काय म्हणाले?”

“काय म्हणतीन? एक म्हतारी बोलनी, नाना, तुन्हावर भरोसा व्हता.”

त्या गावचा रस्ता मला माहीत आहे. मी अजून तिथे गेलेलो नाही.