टाकीवरचा हार

चाकणच्या ऑक्सिजन प्लांटमध्ये दादासाहेब सत्तावीस वर्षं हवा गार करतात. काम एवढंच. पण सांगायला बसले की वाटावं, अख्खा प्लांट यांच्याच मेहेरबानीवर उभा आहे.

"कॉम्प्रेसरमधून हवा येते ती नव्वद डिग्रीला, तव्यासारखी तापलेली. माझ्या टॉवरमध्ये ती खालून वर चढते, वरून गार पाण्याच्या धारा. बाहेर पडते बारा डिग्रीला. गार झाली की अंगातलं पाणी सोडते, उरली ओल पुढची दाणे भरलेली चाळणी शोषते. त्यापुढं उणे पावणेदोनशे! तिथं ओल गेली की बर्फ, नळ्या बंद, प्लांट बंद. माझ्या शिफ्टला एकदाबी नाही."

"घरातला फ्रीज मात्र दिवाळीपासून बंद आहे," काळेवाडीतल्या घरी इंद्रायणीबाई चहा गाळता गाळता नवऱ्याला ऐकवायच्या.

यंदा खंडेनवमीला सगळ्यांनी पॅनेलला हार घातले. दादासाहेबांचं तेवढ्यानं मन भरेना. पाणी गार होतं त्या उघड्या टाकीच्या कठड्याला त्यांनी चांगला दोन हात लांब झेंडूचा हार बांधला आणि डोळे मिटून हात जोडले. भाव खरा होता, त्याला नावं ठेवू नयेत. पण झेंडू सुकला की झडतो, ही अक्कलही देवानंच दिलेली असते.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला बाराचा आकडा पंधरावर गेला. मग अठरा.

"दादा, तुमचा टॉवर तापला," शिफ्ट इंजिनिअर मिनल मॅडम म्हणाल्या. वयानं त्यांच्या लेकीएवढ्या. "बावीसला प्लांट आपोआप बंद होणार."

"माझ्या शिफ्टला? होत नसतो!"

म्हणाले खरे, पण एरवी जिन्यावर गुडघे धरून चढणारे दादासाहेब पंपाकडे पळत सुटले. पाण्याचा दाब पडलेला. त्यांनी राखीव पंप चालू केला आणि आकड्याकडे बघत ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत उभे राहिले. वीस. एकवीस. तिथंच थबकला. मग हळूच वीस.

पहिल्या पंपाची जाळी उघडली, तर आत केशरी लगदा.

"हे काय, दादा? कुणी टाकलं?"

दादासाहेबांनी टाकीकडे पाहिलं. कठड्याला नुसता दोरा लोंबत होता.

टाकीतल्या पाकळ्या त्यांनी एकट्यानं गाळून काढल्या. मग शिफ्टच्या वहीत, बिघाडाच्या कारणापुढं लिहिलं, "झेंडूचा हार. बांधणारा मी."

मॅडमनी वाचलं. "नुसतं 'कचरा' लिहिलं असतं तरी चाललं असतं की."

"देवाचा हार तो, मॅडम. कचरा कसा लिहू?"

जरा थांबून त्यांनी वही परत ओढली आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ वाढवली, "प्लांट बंद पडला नाही."